डाउनलोड सुरू झालं की पिंगचा डोंगर: लाईनचा दोष की आणखी काही?

गोदाकाठी (धागाकर्ता)

मंडळी, नेटमधल्या जाणकारांसाठी प्रश्न आहे.

नाशिकला आमच्याकडे गल्लीतल्या ऑपरेटरची फायबर लाईन आहे. प्लॅन १०० एमबीपीएसचा. स्पीड टेस्ट लावली की डाउनलोड ९५-९६ येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बायको संध्याकाळी ऑनलाइन शिकवणी घेते आणि नेमकं तेव्हाच चिरंजीव गेमचं अपडेट लावतात. अपडेट सुरू झालं की तिचा आवाज तुटतो आणि पोरं चॅटमध्ये 'मॅम आवाज येत नाही'चा पाऊस पाडतात. ऑपरेटरला फोन केला की एकच उत्तर: "स्पीड पूर्ण येतोय ना सर? मग?"

म्हणून जुन्या लॅपटॉपवर स्मोकपिंग (पिंगचा ग्राफ काढणारं सॉफ्टवेअर) बसवलं. लॅपटॉप तारेने राउटरला जोडलाय, वायफायचा संबंध नाही. पिंग म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तराला लागणारा वेळ, म्हणजेच लेटन्सी, मोजायची; ते ८.८.८.८ या गुगलच्या सर्व्हरला. ग्राफ असा दिसतो:

एरवी रेघ ७-८ मिलिसेकंदांवर सपाट. अपडेट सुरू झालं की उडी मारून १७०-१८० वर जाते, तिथेच घुटमळते, आणि अपडेट संपलं की धपकन खाली. हा झाला पहिला प्रकार. दुसरा म्हणजे रात्री ९ ते ११ घरात काहीही चालू नसलं तरी रेघ २५-३० वर चढते आणि भोवती करडा धूर पसरतो. आणि तिसरा सगळ्यात विचित्र. काही रात्री सगळे झोपल्यावर रेघ १०८-११० वर जाते आणि पट्टीने आखल्यासारखी पहाटेपर्यंत तिथेच. पॅकेट लॉस (वाटेत गळालेली पॅकेटं) तिन्ही वेळा नगण्य.

यातला लाईनचा दोष कोणता, आमच्या घरातला कोणता, आणि ऑपरेटरपुढे नेमकं काय ठेवू?

आपला,
(ग्राफग्रस्त) गोदाकाठी

खवचट_काका

चिरंजीवांना गेमऐवजी पुस्तक आणून द्या. लेटन्सी शून्य, लॉसही नाही.

(दिवे घ्या हो.)

वाकडकर

एवढं कशाला डोकं लावताय? ३०० चा प्लॅन घ्या. महिन्याला दोन-तीनशे रुपये जास्त जातील, कटकट मिटेल. आम्ही तेच केलं.

स्नेहल_ठाणे

आमच्याकडे डाउनलोडने एवढं होत नाही, पण फोटोंचा बॅकअप सुरू झाला की घरातल्या सगळ्यांचं नेट मरतं. लग्नाहून आलो, चारही फोन एकदम चार्जिंगला लागले आणि वायफाय मिळाल्याबरोबर प्रत्येकाने व्हिडिओ वर चढवायला घेतले. साधं गुगल उघडेना. स्पीड टेस्टचा डाउनलोडचा आकडासुद्धा खाली आला, ते कसं काय कळलं नाही. डाउनलोड तर कोणीच करत नव्हतं.

बाकी धागा वाचतेय. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

तारायंत्र

गोदाकाठी, तुमचे तीन आकार तीन वेगळ्या गोष्टी सांगतायत. एका गाठोड्यात बांधून ऑपरेटरकडे नेलेत तर तो तिन्हींना मिळून एकच उत्तर देईल, आणि ते चुकीचं असेल.

आधी पहिला. डाउनलोड चालू असताना १७०-१८० ला जाऊन टिकणं म्हणजे लाईनचा बिघाड नव्हे, ती रांग आहे. तुमची मर्यादा १०० ची, पण गेमचा सर्व्हर ते ऑपरेटर हा रस्ता त्याहून कितीतरी रुंद. सर्व्हर भराभर पाठवतो, आणि ऑपरेटरच्या यंत्रात तुमच्या खात्यावर जिथे १०० ची मर्यादा लावलेली असते तिथे जास्तीची पॅकेटं बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठतात. टीसीपीची, म्हणजे नेटवर डेटा पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीची, रीतच अशी की पॅकेट गळेपर्यंत वेग वाढवत राहायचं. बफर मोठा असेल तर पॅकेट लवकर गळत नाही, सर्व्हरला कळत नाही की समोर तुंबलंय, आणि रांग कायम भरलेली राहते. वहिनींच्या शिकवणीचं आवाजाचं एवढंसं पॅकेटही मग त्याच रांगेच्या शेपटाला उभं राहतं.

गणित करा. रिकाम्या लाईनवर ८, भरल्यावर १७८, म्हणजे रांगेतला वेळ १७० मिलिसेकंद. १०० एमबीपीएस गुणिले ०.१७ सेकंद म्हणजे १७ मेगाबिट, साधारण २ मेगाबाइट. ऑपरेटरने तुमच्या खात्याला एवढा बफर दिलाय. त्याच्या यंत्राला हात न लावता, आपल्या घरी बसून, त्याच्या रांगेची लांबी मोजता येते.

याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या लाईनवर मोठी फाइल वर चढवताना हेच पाहिलं आणि मग हा विषय लावून धरला. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

आणखी एक. स्मोकपिंग मूळ सेटिंगला दर पाच मिनिटांनी एकदा वीस पिंग मारतं आणि त्यांच्या मध्यकाची रेघ काढतं. बाकीचे पिंग किती विखुरलेत ते म्हणजे तो करडा धूर. त्यामुळे एक-दोन मिनिटांचं डाउनलोड त्यातून अख्खं निसटू शकतं. डोंगराचा खरा आकार बघायचा तर सेकंदाला एक पिंग लावा. करवतीसारखे दात दिसतील: रांग भरते, पॅकेट गळतं, सर्व्हर हात आखडतो, रांग उतरते, पुन्हा भरते. दात दिसले की समजायचं, टीसीपी आपलं काम करतंय आणि बफर अडवतोय.

स्नेहलताई, तुमचं उत्तर यातच आहे. डाउनलोड करताना प्रत्येक दोन पॅकेटांमागे साधारण एक पोच परत जाते. ती पोच अपलोडच्या रांगेत अडकली की सर्व्हर पुढचं पाठवत नाही. अपलोड तुंबलं की डाउनलोड आपोआप मंदावतं.

खवचट_काका

तारायंत्र यांचा प्रतिसाद वाचताना माझाच बफर भरला. उरलेलं उद्या वाचतो.

संशयात्मा

मला हे सगळं पिंगपुराण पटत नाही. पिंग हा आयसीएमपीचा (नेटवर्कच्या आपसातल्या निरोपांचा) प्रकार. राउटरला त्याला उत्तर द्यायची घाई नसते, इतर कामं आटोपली की देतो. ८.८.८.८ हा गुगलचा डीएनएस सर्व्हर आहे, आपल्या ग्राफसाठी ठेवलेला नाही. त्याने उशिरा उत्तर दिलं म्हणून आपली लाईन भरली असं कसं म्हणता? आमच्या ऑफिसात नेटवर्कवाले पिंगचा स्क्रीनशॉट दाखवला की हाकलून देतात.

तारायंत्र

संशयात्मा, मुद्दा अर्धा बरोबर आहे. राउटर पिंगला दुय्यम मानतात हे खरंच. पण त्याने ग्राफवर काय उमटेल? अधूनमधून एकटादुकटा उंच सुळका, आजूबाजूला सगळं शांत. डाउनलोड सुरू झाल्या क्षणी चढून संपल्या क्षणी उतरणारं पठार त्याने उमटत नाही. नाशिकमध्ये कोणाच्या पोराने अपडेट लावलंय हे गुगलच्या सर्व्हरला कुठून कळणार?

तुमच्या ऑफिसवाल्यांची चीड वेगळ्या कारणाने असणार. लोक विनएमटीआर (वाटेतल्या प्रत्येक राउटरला पिंग मारणारं साधन) लावतात, मधल्या एका टप्प्यावर ४० टक्के लॉस दिसतो आणि आरडाओरडा सुरू. त्याच्या पुढच्या टप्प्यांवर लॉस शून्य असेल तर तो मधला राउटर फक्त उत्तर द्यायचा कंटाळा करतोय. लॉस शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचत असेल तरच बोलायचं.

संशयात्मा

पठाराचा मुद्दा मान्य. बाकी संशय राखून ठेवतो, आयडीला जागायला हवं.

रेडिंगकर

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या इंग्लंडात रेडिंगला. इथे थिंकब्रॉडबँड या वेबसाइटची मोफत सोय आहे. त्यांचा सर्व्हर दर सेकंदाला तुमच्या घरच्या पत्त्यावर पिंग मारतो आणि दिवसभराचा ग्राफ देतो. हिरवा सगळ्यात कमी वेळ, निळा सरासरी, पिवळा सगळ्यात जास्त, आणि लॉस झाला तर वरून खाली लाल टोक. वाचायची युक्ती अशी की नुसतं पिवळं उंच असेल तर फारसं मनावर घ्यायचं नाही, एखादंच पिंग रेंगाळलेलं असतं. निळं वर आलं तर लाईन वापरात होती. आणि हिरवंच वर उचललं गेलं तर त्या काळात एकही पिंग वेळेत परतलं नाही, म्हणजे रांग क्षणभरही रिकामी झाली नाही.

भारतात घरी हे वापरायला जाऊ नका, बऱ्याच ठिकाणी चालणार नाही. तिकडे ऑपरेटर सीजीनॅट लावतात, एका पब्लिक पत्त्यामागे अनेक घरं. बाहेरून मारलेलं पिंग ऑपरेटरच्या दारापर्यंत येऊन थांबेल आणि तुम्ही त्याचाच ग्राफ आपला म्हणून बघत बसाल. धागाकर्त्यांनी आतून बाहेर पिंग लावलंय तेच बरोबर.

रच्याकने (बाय द वे), इथेही आमच्याकडे मुलं गेम उतरवायला लागली की निळा डोंगर उभा राहतोच. साता समुद्रापार आलो, डोंगर सुटला नाही.

वाकडकर

इतक्या चर्चेनंतरही माझा प्रश्न तोच. ३०० चा प्लॅन घेऊन काय बिघडतं?

तारायंत्र

काही बिघडत नाही, आणि सल्ला अगदीच टाकाऊही नाही. बफर तेवढाच राहिला तर २ मेगाबाइट ३०० च्या वेगाने तिप्पट लवकर रिकामे होतात, म्हणजे १७० चे पंचावन्न-साठ. अपडेटही तिप्पट लवकर संपेल. पण प्लॅन वाढवताना ऑपरेटरने बफरही त्याच प्रमाणात वाढवला तर रेघ पुन्हा १७० वर. आणि अपलोड वाढलं नाही तर स्नेहलताईंच्या लग्नाचे व्हिडिओ तसेच अडणार.

गोदाकाठी, तुमचं अपलोड किती येतं ते लिहिलंच नाहीत.

कोडगा_प्रोग्रामर

गेटिसचं नाव निघालंच आहे तर थोडं अवांतर. हा घोळ त्याच्याही आधीचा. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथलंच बर्कली विद्यापीठ यांच्यातली लाईन ३२ केबीपीएसवरून ४० बीपीएसवर आली होती. केबीपीएस नव्हे, नुसते बीपीएस! अंतर किती, तर ४०० यार्ड. चालत जाऊन कागद दिला असता तर लवकर पोचला असता. त्यातून व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला 'तुंबलंय, जरा दमानं' हे शिकवलं, १९८८ मध्ये. आणि तेच जेकबसन पुढे कॅथलीन निकोल्स यांच्याबरोबर २०१२ मध्ये कोडेल घेऊन आले. रांगेत किती पॅकेटं आहेत ते न मोजता पॅकेट किती वेळ उभं आहे ते मोजायचं, आणि फार वेळ उभं राहायला लागलं की एखादं टाकून द्यायचं. पाठवणाऱ्याला इशारा मिळतो.

मिरजेची_मीरा

पॅकेट मुद्दाम टाकायचं? मग आवाज नाही का तुटणार?

कोडगा_प्रोग्रामर

मीराताई, सगळ्यांची एकच रांग असेल तर थोडी भीती आहे. म्हणून पुढे एफक्यू कोडेल आलं. रेशनच्या दुकानात साखरेची, तांदळाची, रॉकेलची वेगळी रांग लावली तसं. गेमच्या अपडेटची रांग लांबली तर तिच्यातलं पॅकेट टाकलं जातं. शिकवणीच्या आवाजाची रांग दोन-चार पॅकेटांची, ती वेळेवर पुढे सरकत राहते.

खवचट_काका

रॉकेल बंद होऊन किती वर्षं झाली, याला अजून रांगच आठवते.

बंड्या_फायबर

राम राम मंडळी. मी कोल्हापूरकडं लाईनी वडतो. ऑपरेटरला शिव्या सुरू व्हायच्या आधी आमची बी बाजू ऐका.

गिऱ्हाईकाचा फोन आला की आमचा माणूस पयलं लाईट बघतोय. ओएनयूवर (घरातल्या फायबरच्या डब्यावर) मायनस १८ ते मायनस २४ च्या मधी पॉवर आसंल तर लाईन झ्याक. मायनस २७ च्या फुडं गेली की गडबड, मग लॉसचा (शिग्नल गेल्याचा) लाल दिवा. पन लाईट खराब आसल्यावर काय हुतंय? पॅकेट गळत्यात, लाईन तुटती-जुळती. आसा गुळगुळीत डोंगर व्हत न्हाई. म्हंजे गोदाकाठी सायबांच्या घरी माणूस पाठवून काय बी उपेग न्हाई. त्यो लाईट बघंल, 'ओके हाय' म्हणंल, च्या पिऊन जाईल.

आता त्यो २ मेगाबाइटचा बफर. आमच्या हितं बऱ्याच ठिकाणी मायक्रोटिक कंपनीचा राउटरचा डबा आसतोय, त्यात परत्येक गिऱ्हाईकाची क्यू, म्हंजे रांग. त्याची मूळ सेटिंगची क्यू लई बारकी, धा पॅकेटांची. ती तशीच ठेवली तर १०० च्या प्लॅनला स्पीड टेस्ट पुरती भरत न्हाई, गिऱ्हाईक बोंबलतंय 'पैसे १०० चे घेता, देता ७०'. मग कोनतरी क्यू मोठी करून सोडतंय. स्पीड टेस्ट ९५ दावती, फोन बंद. पिंगचा फोन शंभरात एकादा, तो तुमच्यासारका. आता सांगा, आमी कुनाचं ऐकायचं?

राउटरओएसच्या (त्याच डब्याच्या सॉफ्टवेअरच्या) सातव्या व्हर्जनमधी एफक्यू कोडेल बी हाय आन त्येच्यासारकाच केक बी हाय. लावनारं कोन पायजे.

तारायंत्र

बंड्या, हा प्रतिसाद फ्रेम करून लावण्यासारखा आहे. बफर फुगण्यामागे स्पीड टेस्टची भीती असते हे पुस्तकात वाचलं होतं, तुमच्याकडून ऐकायला जास्त बरं वाटलं.

गोदाकाठी

सगळ्यांचे आभार. विचारलेली माहिती देतो.

अपलोड २२ येतंय. ऑपरेटर 'वर-खाली सारखंच' म्हणाला होता, म्हणून आजवर तिकडे पाहिलंच नव्हतं. सेकंदाला एक पिंग लावलं, करवतीचे दात दिसले, १२० ते १९० च्या मध्ये नाचतात. तारायंत्र म्हणाले तसंच.

गेटवेला, म्हणजे ऑपरेटरच्या पहिल्या यंत्राला, वेगळं पिंग लावून ठेवलंय. डाउनलोडच्या वेळी तिथलीही रेघ चढते. पण रात्री ९ ते ११ घर शांत असताना गेटवे २-३ वरच सपाट असतो आणि ८.८.८.८ मात्र २५-३०.

मध्यरात्रीच्या ११० वाल्या रेघेचं गूढ कायम आहे. त्या वेळी डाउनलोड शून्य असतं, राउटरच्या पानावर बघितलं.

ओंकार_पुणे_३०

डाउनलोड शून्य, अपलोड किती? घरात कोणी टॉरेंट सीड करतंय का, म्हणजे उतरवलेल्या फाइल्स इतरांना पुरवतंय का?

गोदाकाठी

अपलोड २० च्या वर, अखंड. भाचा शिकायला आमच्याकडे असतो, त्याच्या खोलीत डेस्कटॉप रात्रभर चालू असतो. विचारलं. 'लिनक्सच्या आयएसओ फाइल्स आहेत मामा' म्हणाला.

खवचट_काका

ठ्ठो!! सगळ्या भाच्यांकडे लिनक्सच्याच असतात.

ओंकार_पुणे_३०

मग सुटलं की कोडं. बहुतेक टॉरेंट क्लायंट आता यूटीपी (टीसीपीऐवजी टॉरेंटची स्वतःची पाठवायची रीत) वापरतात, त्यात लेडबॅट नावाची पद्धत असते. ती पॅकेट गळायची वाट बघत नाही. आपल्यामुळे रांगेत किती उशीर वाढतोय ते मोजत राहते आणि तो १०० मिलिसेकंदांच्या आसपास आला की स्वतःहून थांबते. हे १०० चं लक्ष्य आरएफसी ६८१७ या तिच्या अधिकृत दस्तऐवजातच आहे, २०१२ चं. तुमची रिकामी रेघ ८, त्यात १०० घाला. म्हणून १०८-११०, आणि म्हणून पट्टीने आखल्यासारखी. गेमच्या टीसीपीने दात काढले, टॉरेंटने पठार काढलं.

गंमत अशी की बिचाऱ्याने इतरांना त्रास नको म्हणूनच ही पद्धत निघाली. १०० मिलिसेकंद म्हणजे सभ्यपणा, असं ज्यांनी ठरवलं ते बहुतेक ऑनलाइन गेम खेळत नसावेत.

मिरजेची_मीरा

बापरे, नुसत्या रेघेवरून भाचा पकडला. आमच्या ह्यांना हा धागा दाखवणार नाही.

पणजीचो_पाव

चौथा आकारही असतो, तो लक्षात ठेवा. आमच्याकडे पावसात कुठेतरी केबल तुटली आणि रेघ एका मिनिटात १४ वरून ४० च्या वर गेली. धूर नाही, दात नाहीत, डाउनलोड करा नाहीतर बंद ठेवा, रेघ तिथेच. चार दिवसांनी तशीच एका उडीत खाली आली. मी ऑपरेटरशी भांडायच्या तयारीत होतो, मग ट्रेस (पॅकेटांचा रस्ता दाखवणारं साधन) लावला तर पॅकेटं दुसऱ्याच शहरातून लांबचा फेरा मारून येत होती. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन प्रत्येक १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद. स्वच्छ पायरी दिसली की रस्ता बदललाय, रांगेचा संबंध नाही. त्याला बफरची कसलीच सेटिंग कामाची नाही, केबल जोडली की बरं होतं.

वाकडकर

हे सगळं ठीक, पण आता करायचं काय? ग्राफ बघून शिकवणीचा आवाज सुधारत नाही.

ओंकार_पुणे_३०

वाकडकर, रास्त प्रश्न. गोदाकाठी, तुमच्याकडे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं खुलं सॉफ्टवेअर) चालेल असा राउटर असेल तर एसक्यूएम (त्यातली रांग सांभाळायची सोय) लावा, त्यात केक निवडा. केक २०१८ पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, ४.१९ पासून. मर्यादा मुद्दाम खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवायची: डाउनलोड ८८-९०, अपलोड २०. म्हणजे रांग ऑपरेटरच्या यंत्रात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे कोणाला पुढे सोडायचं ते तुमच्या हातात. पाच-दहा टक्के वेग जातो खरा.

अपलोडचं नियंत्रण पक्कं बसतं, कारण पॅकेटं तुमच्याच घरातून निघतात. डाउनलोडचं जरा आडवळणाने. पॅकेट घरापर्यंत आल्यावर टाकायचं आणि सर्व्हर हळू होण्याची वाट बघायची. त्यामुळे पन्नास जोडण्या एकदम उघडणाऱ्या डाउनलोडरपुढे सुरुवातीला एखादा सुळका येईलच. तो सोडून द्या.

अडचणी दोन. एक, राउटरमधलं हार्डवेअर ऑफलोड (पॅकेटं प्रोसेसरला वगळून चिपमधूनच पुढे ढकलणं) बंद करावं लागतं, नाहीतर पॅकेटं एसक्यूएमला वळसा घालून जातात. ते बंद केल्यावर स्वस्त राउटरचा प्रोसेसर हाफतो, आणि तुम्हाला वाटतं केकमुळे स्पीड गेला. दुसरी वायफायची. भाच्याच्या खोलीत वायफाय ४०-५० वरच अडत असेल तर रांग राउटरच्या अँटेनापाशी लागते, ९० ची मर्यादा तिथपर्यंत पोचतच नाही. वहिनींचा लॅपटॉप शिकवणीपुरता तारेवर घ्या.

बंड्या_फायबर

आन ओएनयू ब्रिजमधी टाकून घ्या (म्हंजे त्यो नुसती लाईन फुडं देतोय), पीपीपीओईचा (नेटच्या लॉगिनचा) युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमधी. ऑपरेटरनं म्याक (राउटरचा ओळख नंबर) बांधलेला आसतोय, नवा राउटर लावल्यावर नेट चालणार न्हाई. घाबरू नका, फोन करून 'म्याक रिसेट करा' म्हणायचं, दोन मिनिटाचं काम.

स्नेहल_ठाणे

ज्यांना राउटर बदलायचा नाही त्यांच्यासाठी काही? मला ते ओपन काय ते जमणार नाही.

ओंकार_पुणे_३०

ताई, मग जो तुंबवतोय त्यालाच आवर घाला. स्टीमला डाउनलोडची मर्यादा घालता येते, विंडोज अपडेटलाही. फोटोंचा बॅकअप रात्रीपुरता चालू ठेवा, सगळ्या फोनचा एकदम नको. टॉरेंटला अपलोडची मर्यादा लाईनच्या निम्मी.

आणि तपासायला स्मोकपिंगची गरज नाही. फास्ट डॉट कॉमवर 'आणखी माहिती' दाबलं की रिकाम्या आणि भरलेल्या लाईनची लेटन्सी शेजारी शेजारी दाखवतो. दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट असेल तर हाच आजार.

खवचट_काका

केक लावायचा पण मर्यादा घालून. घरी बायकोही हेच सांगते.

गोदाकाठी

जुना राउटर पडला होता, भाच्यालाच कामाला लावलं. केक लावला, ८८ आणि २० ठेवलं. अपडेट चालू असताना रेघ १२ ते १६ मध्ये आहे. लिनक्सची सेवाही सुरू आहे, रात्रीची रेघ आता ११ च्या पुढे जात नाही. चिरंजीवांनी 'डाउनलोड स्लो झालं' म्हणून कुरकुर केली, तेवढं चालायचंच.

राहिला रात्री ९ ते ११ चा फुगवटा. केकचा त्यावर काडीचाही परिणाम नाही.

तारायंत्र

होणारही नाही. ती रांग तुमच्या दारातली नाही. तुम्ही गेटवेला वेगळं पिंग लावलंत हे फार बरं केलंत, त्यावरूनच उलगडतं. गेटवे २-३ वर सपाट, म्हणजे तुमच्या घरापासून ऑपरेटरपर्यंतचं फायबर आणि गल्लीतला पॉन (एका फायबरवर अनेक घरं जोडायची व्यवस्था) निर्दोष. जीपॉनचे २.५ गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले असतात, ते भरले असते तर गेटवेचीही रेघ चढली असती. चढते ती त्याच्या पुढची, म्हणजे ऑपरेटर वरच्या कंपनीकडून जी बँडविड्थ घेतो ती रात्री भरते. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर हेच: तिन्हींपैकी ऑपरेटरशी बोलण्यासारखा आकार हा एकच.

तसं पाहिलं तर ३० मिलिसेकंदांनी शिकवणीचं काही बिघडत नाही. पण आज ३० आहे, नवीन गिऱ्हाइकं जोडत गेला की पुढच्या आयपीएलला ९० होईल आणि लॉसही दिसायला लागेल.

बंड्या_फायबर

खरं हाय. फकस्त सांगताना 'नेट स्लो' म्हणू नका, त्ये म्हणलं की लाईनमनच येनार. मालकाला न्हाईतर एनओसीत (नेटवर्कच्या कंट्रोल रूममधी) बसनाऱ्याला व्हाट्सअपवर दोन फोटो टाका. गेटवेचा ग्राफ आन ८.८.८.८ चा ग्राफ, एकाच रातीचे, एकाखाली एक. वर लिवा की घरातलं समदं बंद हुतं. एवढं बगितल्यावर त्येला कळतंय की गिऱ्हाईक शाणं हाय, आन अपस्ट्रीम वाडवायला वरच्याशी बोलायला त्येला बी पुरावा मिळतोय.

गोदाकाठी

टाकले. दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर आलंय: "लाईट चेक करायला मुलगा पाठवतो सर."

बंड्या_फायबर

च्या करून ठेवा. आन त्यो आला की मालकाचा नंबर मागून घ्या.